मान हलवली म्हणजे कबुली

"मान हलवली! कबूल आहे, लिहा," देशमुख साहेब टायपिस्टला म्हणाले.

मी ताडकन उठले. "साहेब, थांबा! ती कबुली नाही."

कांजूरमार्गच्या एका कारखान्यातली ती डोमेस्टिक इन्क्वायरी होती. म्हणजे कारखान्याने आपल्याच कामगाराची आपल्याच ऑफिसात केलेली चौकशी. आरोप पितळेचे पार्ट चोरल्याचा. आरोपी विलास, लेथवरचा कामगार, जन्मापासून बहिरा. देशमुख साहेब हे कंपनीने चौकशीसाठी नेमलेले वकील. मी बहिऱ्यांच्या संघटनेची दुभाषी. माझे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे मला तोंडाने बोलता येण्याआधी खुणांनी बोलता यायला लागलं. त्या काळात, ऐंशीच्या दशकात, या भाषेला मान्यता द्या म्हणून आमची संघटना दिल्लीपर्यंत खेटे घालत होती.

साहेबांनी ओरडून विचारलं होतं, "चोरी केलीस ना रे?" ओरडलं की बहिऱ्याला ऐकू येतं, अशी बऱ्याच शहाण्यांची समजूत असते. विलासने त्यांच्या ओठांकडे बघत मान डोलावली. बहिरी माणसं समोरचा बोलत असताना अशी मान हलवतात. अर्थ एवढाच, की माझं लक्ष आहे, पुढे बोला. आपण फोनवर 'हं, हं' करतो ना, तसंच.

हे मी सांगितलं. साहेब हसले. "ओ मॅडम, मान हलवली म्हणजे हो. सगळ्या जगात हो."

"मग त्याला विचारा, तू बाई आहेस का?"

साहेबांनी गंमत म्हणून विचारलं. विलासने मान डोलावली. टायपिस्टने हसता हसता मशीनवरचे हात काढून घेतले. मला वाटलं, आपण जिंकलो.

"आता मी खुणांनी विचारते. त्याचं उत्तर लिहून घ्या."

"छे! हातवारे ही काय भाषा आहे? सरकारच्या यादीत आहे? नाही ना? मग कबुली कायम."

माणूस समोर बसलाय, सांगायला तयार आहे, आणि त्याला विचारायचंच नाही?

आठवड्याने निकालासाठी बोलावलं. विलास बडतर्फ. साहेबांनी निकाल मोठ्याने वाचला. विलासने लक्ष देऊन मान डोलावली.

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, याला काही कळलेलं दिसत नाही. तुम्ही जरा समजवा ना, तुमच्या त्या भाषेत."

नाही म्हणावंसं वाटलं. पण विलास माझ्या हातांकडे बघत होता. सांगितलं.

त्याने विचारलं, "मला विचारलं कधी?"

नोकरी गेली ती गेलीच. त्या दिवशी मला एक कळलं. नोकरी वाचवायची असली की ते हातवारे असतात, घालवायची असली की भाषा.