मुक्ताचे बाबा शाळेत आले होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजी खारट झाली तरी ताट वाढायच्या आधी सांगून टाकते.

उंद्रीच्या शाळेत मी वर्गशिक्षिका. मुक्ता आठवीपासून माझ्याच वर्गात. आईवडील वेगळे झालेले, मुलगी आईबरोबर मामाच्या घरी. मामा शाळेच्या समितीवर. एकदा जाता जाता म्हणाले, "बाई, तिच्या बापाले काई सांगू नका." बस, तेवढंच. अर्ज नाही, कागद नाही.

आणि आठवीच्या सहामाहीच्या निकालानंतर वडील आले. जळगाव जामोदहून, दोन एसट्या करून. दारातच उभे राहिले. "मी तिले भेटत नाई, बाई. फक्त मार्क सांगा. गणितात कशी हाये?"

प्रगतिपत्रक माझ्या टेबलावरच होतं. गणितात ती वर्गात पहिली. सांगायला काय लागलं असतं? रोज हजेरी घेताना तिच्या नावापाठोपाठ मी त्यांचंच नाव तर पुकारत होते! पण मी म्हणाले — कोर्टाचा आदेश आहे, वडिलांना माहिती द्यायची नाही.

असा आदेश नव्हताच. मामांशी वाकडं नको, एवढाच माझा विचार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस — मामांनी मला काय केलं असतं? काहीच नाही.

वडिलांनी कागद दाखवा म्हटलं नाही. कोर्टाचं नाव काढलं की साधा माणूस गप्प होतो, हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं, म्हणूनच काढलं. "हाव," म्हणत त्यांनी हात जोडले. वार्षिक निकालाला पुन्हा आले, तेच ऐकून गेले. मग आले नाहीत.

इथवरचं कदाचित मी कुणाला सांगितलंही असतं.

दहावीच्या निरोप समारंभानंतर मुक्ता माझ्यासोबत खुर्च्या आवरत होती. मध्येच थांबली. "बाई, माहे बाबा कधी आलते का शाळेत? माह्याबद्दल विचाराले?"

तिथे मामा नव्हते. भिण्यासारखं कुणीच नव्हतं. पण हो म्हटलं, तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग तुम्ही काय सांगितलं?

मी नाही म्हणाले.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.