व्हरांड्यातले समीक्षक

वाचनालय चालवणाऱ्याच्या बाबतीत दोन गोष्टी आपोआप होतात. पुस्तकं कमी होत जातात आणि किस्से वाढत जातात. नेलेलं पुस्तक परत येईल याची खात्री नसते, किस्सा मात्र न बोलावता दारात येऊन बसतो. गुलमंडीजवळच्या आमच्या बालवाचनालयातून मी निवृत्त झाले, तेव्हा माझ्याकडे अशा किश्शांचा बऱ्यापैकी साठा होता. पण त्यानंतर सिडकोतल्या एका व्हरांड्यात जे जमा झालं, त्यापुढे आधीचे सगळे फिके.

तो व्हरांडा होता स्वमग्न मुलांच्या एका छोट्या केंद्राचा. दर शनिवारी मुलं आत शिकवणाऱ्या मॅडमकडे आणि आईबाप बाहेर बाकावर. मला वाटलं, ही माणसं दीड-दीड तास नुसती बसून असतात, त्यांना काहीतरी वाचायला द्यावं. मी कपाटं धुंडाळून सहा जुन्या किशोर कादंबऱ्या काढल्या. प्रत्येकीत एक ‘वेगळं’ मूल होतं. बघा, तुमच्या मुलांवरही पुस्तकं लिहिली गेलीत, अशा थाटात मी त्या वाटल्या. आपण फार मोठं काम करतोय, असं मला त्या दिवशी खरंच वाटत होतं.

*

पहिलं पुस्तक आठवड्यात परत आलं. आणणारी रुखसाना. आयानची आई, नवऱ्याचं गुलमंडीत कपड्यांचं दुकान.

“आवडलं?” मी विचारलं.

“मॅडम, लिहिलंय छान. पण ये किताब की माँ खिडकी में खडी होके रोतीच रहती है. मी मोजलं, नऊ वेळा.”

मी जरा समजुतीच्या सुरात म्हटलं, “अहो, दुःख दाखवायची लेखकाची पद्धत असते.”

“ते ठीक आहे मॅडम. लेकिन उसका बच्चा उस टाइम किधर रहता है? आमच्याकडे एकच खिडकी आहे. त्यात आयान बसलेला असतो.”

*

दुसरं पुस्तक परत आलं ते समासात कुणीतरी नाव न घालता पेन्सिलीनं लिहून. पुस्तकात पेन्सिलीची एक रेघ दिसली तरी पोरांच्या हातात खोडरबर देऊन बाकावर बसवणारी मी. माझं डोकंच फिरलं. खोडायला बसले आणि खोडता खोडता वाचलं.

कादंबरीत वाक्य होतं, ‘तो दिवसभर कोपऱ्यात शांत बसून असे.’ बाजूला बारीक अक्षरात: ‘पत्ता द्या. आमचा तिकडे पाठवतो.’

पुढे, ‘डॉक्टरकाकांनी आईबाबांना जवळ बसवून सारे नीट समजावून सांगितले.’ बाजूला: ‘हे कुठं बसतात? आम्हाला चार मिनिटं मिळाली, त्यात दोनदा त्यांचा फोन वाजला.’

आणि एका पानावर, जिथे मुलाची धाकटी बहीण हसत हसत आपलं खेळणं त्याला देऊन टाकते, तिथे फक्त एक शब्द. ‘हॅ.’

मी खोडरबर ठेवून दिला. पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी एकेक पेन्सिल घेऊन गेले.

*

आता सुनंदाचं सांगते. ती गंगापूरच्या पुढच्या एका गावातून एसटीनं यायची. मुलगी राणी, सात वर्षांची, एक शब्द बोलत नसे. सुनंदा दहावी शिकलेली, वाचायची आवड, पण घरात पुस्तक नाही. मी दिलेली कादंबरी तिनं आठवडाभर रोज घरी मोठ्यानं वाचली. नवरा ऐकायचा, सासू ऐकायची. सगळ्यांना आवडली म्हणे.

त्या कादंबरीतली मुलगी एक वर्ष शाळेत जाते, प्रेमळ बाई तिला शिकवतात आणि शेवटच्या पानावर ती ‘आई’ अशी हाक मारते.

पुढच्या शनिवारी सुनंदा आली ती उतरलेल्या चेहऱ्यानंच.

“बाई, घरात ठरलं. एक वर्ष यायचं. सासूबाई म्हन्ल्या, पुस्तकातली पोरगी वरसात बोलती तर आपलीबी बोलंल. नाय बोलली तर बंद.”

तीही घरच्यांना नुसता दोष देत नव्हती. दुष्काळाची वर्षं. त्यांच्या गावात टँकर यायचा तो नेमका शनिवारी. सुनंदा इकडे आली की तिकडे घागरी धरणारे दोन हात कमी पडायचे. त्या हिशेबात माझ्या पुस्तकानं मुदत घालून दिली होती. मी हौसेनं वाटलेल्या पुस्तकानं या पोरीचं शिकणं बंद पडणार, या विचारानं मला कितीतरी दिवस अन्न गोड लागलं नाही.

*

रुखसानानं यावर लगेच उपाय केला. केंद्राच्या टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि सहाही कादंबऱ्यांची शेवटची प्रकरणं पिना मारून बंद करून टाकली. “नई माँ आयेगी तो इधर तकच वाचायचं,” तिनं जाहीर केलं.

वाचनालयाच्या कुठल्याच नियमात हे बसत नव्हतं, पण हा नवा नियम करणारी रुखसाना रोज काय निस्तरते हे मला आता कळायला लागलं होतं.

परिणाम एवढाच झाला की, तोवर ज्या पुस्तकांकडे एकही बाप बघत नव्हता, ती सगळ्या बापांनी पिनांच्या फटीतून वाकून वाकून वाचून काढली.

*

त्या बापांतले एक संजयराव, वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर. मुलगा वेद. कादंबऱ्यांत अशी मुलं तोंडी मोठमोठे गुणाकार करतात, नाहीतर एकदा ऐकून पेटी वाजवतात. त्यामुळे संजयरावांकडे येणारा प्रत्येक पाहुणा चहा घेता घेता विचारायचा, “मग याच्यात काय स्पेशल आहे?”

तेव्हा शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही कुठल्या वेळी याचा पत्ता नाही. आणि त्यांच्या कॉलनीत बोलवा झाली की वेदला पाणी आधी कळतं. तो गेटपाशी ओरडला की बायका हंडे घेऊन बाहेर. एका आजींनी तर त्याला नमस्कार केला.

मी संजयरावांना म्हटलं, “अहो, हे खरंच आश्चर्य आहे.”

“कसलं आश्चर्य, बाई. पाणी येणार असलं की तो ओरडतो. नसलं तरी ओरडतो. लोकांच्या फक्त पहिलं लक्षात राहतं.”

*

कादंबरीतला बाप एकतर परदेशात असतो नाहीतर संतापी. रुखसानाचे मिस्टर सलीमभाई दोन्हींत बसत नव्हते. आयानला शर्टाच्या कॉलरमागची पट्टी टोचायची. नवा शर्ट घातला की अंगाची आग झाल्यासारखा ओरडायचा. सलीमभाई मग घरी बसून छोट्या कात्रीनं एकेक टाका उसवून पट्ट्या काढत. नुसती कापली तर खुंट राहतो आणि तो जास्त टोचतो, हे त्यांनीच मला शिकवलं. वर्षानुवर्षं करून हाताला इतकी सवय झाली की, एकदा दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत बसल्या बसल्या नव्या मालाच्या गठ्ठ्यातल्या वीस शर्टांच्या पट्ट्या त्यांनी काढून टाकल्या.

गिऱ्हाईक आलं. शर्ट उलटासुलटा करून म्हणालं, “इसका ब्रँड कहाँ है?”

सलीमभाई शांतपणे म्हणाले, “साहब, ब्रँड चुभता है.”

*

केंद्रात चौदा वर्षांची केतकी होती. ती बोलायची, वाचायची, पण नजर कायम समोरच्याच्या खांद्यापलीकडे. अशा मुलांना दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही, हे माझ्या सहातल्या चार कादंबऱ्यांत छापलेलं होतं. केतकीनं एक कादंबरी वाचली आणि मला विचारलं, “पान एकतीसवर हिचा फ्रॉक निळा आहे. पान चौतीसवर हिरवा. दिवस तोच. का?”

मी म्हटलं, “लेखकाची चूक झाली असेल.”

“पान बारावर लिहिलंय की तिला कपडे बदलायला आवडत नाही.”

“हो ना. राहून गेलं त्यांच्या लक्षात.”

केतकीनं दोन्ही पानं पुन्हा उघडून पाहिली. मग खांबाकडे बघत म्हणाली, “म्हणजे तिचा फ्रॉक कुणीतरी जबरदस्तीनं बदलला. आणि ते पुस्तकात लिहिलंच नाही. तिला किती त्रास झाला असेल.”

मी ती कादंबरी तीस वर्षांत निदान शंभर मुलांना दिली असेल. त्या मुलीची काळजी करणारी केतकी पहिली.

*

राणीचं वर्ष असंच सरत गेलं. ती ग्लास धरायला शिकली. हवं ते बोटानं दाखवायला शिकली. चप्पल स्वतः घालायला लागली. सुनंदा दर शनिवारी येऊन हे सांगायची आणि शेवटी हळूच म्हणायची, “बोलली नाय पर अजून.”

मे महिन्यात मुदत संपली. त्या शनिवारी सुनंदा आलीच नाही. राणीला घेऊन आली तिची सासू, गयाबाई. उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्यावर पदर. बाकावर टेकायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, “सुनबाईला ताप हाय. मी फाईल न्यायला आले. लेकराचं बंद करायचंय.”

मॅडम आत होत्या, थांबावं लागणार होतं. माझ्या सहातल्या तीन कादंबऱ्यांत आजी होती. तिन्ही आज्या पहिल्या प्रकरणात येतात, नशिबाला बोल लावतात, सुनेला टोचून बोलतात आणि जातात. गयाबाईला मी मनातल्या मनात त्यांच्याच खणात ठेवून दिलं आणि हिला सुनावायचं काय, याची जुळवाजुळव करू लागले.

तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर बोअरचं मशीन सुरू झालं. तिथं सात मजली इमारत होणार होती आणि पाण्यासाठी बिल्डर आणखी खोल चालला होता. बाक थरथरायला लागलं. आतून आयान किंचाळत बाहेर आला, मागोमाग वेद गेटकडे पळाला. रुखसाना एकामागे, संजयराव दुसऱ्यामागे.

गयाबाई माझ्याशी बोलत होती. बोलता बोलताच तिनं डोक्यावरचा पदर काढला, राणीच्या कानांवरून दोन वेढे घेतले, तिचं डोकं आपल्या काखेत घट्ट दाबलं आणि पाठीवर सावकाश थापटायला लागली. वाक्य मध्ये तुटलं नाही. आवाज फक्त चढवला, “तर फाईल द्या म्हनावं, येष्टी चुकंल माझी.”

राणी हलली नाही.

मशीन थांबलं. रुखसाना आयानला कडेवर घेऊन धापा टाकत आली आणि गयाबाईकडे बघतच राहिली. “अम्मा, ये आपको किसने सिखाया?”

“काय?” गयाबाईनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

“हे. पदराचं.”

“त्यात काय शिकायचं? वरातीत डीजे लागला की असंच करते. लेकरू घाबरतंय ना.”

“और खाने का? आमचा भाजीला भाकरी लागली तर ताट फेकतो.”

“दोन ताटं करायची. एकात भाकरी, एकात कालवन. भाकरी दोनच, सारख्या. तिसरी दिसली तर उठती.”

संजयराव पुढे सरकले. “आजी, केस कसे कापता?”

“दुपारची झोपली की. आज एक बाजू, उद्या दुसरी. मधी एक दिवस लोक हसत्यात. हसू दे.”

मॅडम फाईल घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, पण कुणाचं लक्ष नव्हतं. जो तो विचारत होता आणि गयाबाई सांगत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सुनावायचं सगळं विसरले.

मग ती माझ्याकडे वळली. “ते पुस्तक तुमीच दिलं व्हय?”

“हो. माझंच चुकलं. त्याचा शेवट खोटा आहे. वर्षात असं...”

“शेवटाचं ऱ्हाऊ द्या. त्या पोरीला आजी होती ना?”

“होती. पहिल्या प्रकरणात.”

“मंग गेली कुठं?”

“ते पुस्तकात नाही.”

गयाबाई राणीला थापटत म्हणाली, “तरीच ती आई सारखी रडत हुती.”

तिनं मॅडमच्या हातून फाईल घेतली. उलटून पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. ती परत मॅडमच्या हातात दिली आणि विचारलं, “पुढल्या शनवारी किती वाजता आणू?”

मी म्हटलं, “पण सुनंदा?”

“ती पडंल जरा घरी. मी येते.”

“आणि टँकर?”

गयाबाई राणीच्या कानावरचा पदर सोडवत म्हणाली, “टँकरला माझा लेक जाईल. त्यालाबी दोन हात हायेत.”