रुखवतातला पाना

आमच्या लग्नात रुखवतावर बारा इंची स्क्रू पाना मांडला होता, असं सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, मास्तर थट्टा करतायत. पण मी आयुष्यभर लातूरच्या एका शाळेत भूमिती शिकवली. थट्टा मला फारशी जमत नाही. मण्यांचे ससे, शेवयांचं घर, नारळावर रंगवलेले नवरा-नवरी आणि या सगळ्यांच्या मधोमध लाल फडक्यावर तो काळा, जड पाना. माझ्या आत्यानं तो दोन बोटांनी उचलून पाहिला आणि माझ्या सासऱ्यांना विचारलं, "हे जावयाला दिलंय का?"

"न्हाई, पोरीला," सासरे म्हणाले. "जावईबापूला घड्याळ हाय."

सासरे अर्धापूरच्या केळीच्या बागांमध्ये पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. मुलगा नव्हता म्हणून पोरीला शिकवलं, असं आमच्या नात्यात कुणी कुणी म्हणे. ते साफ खोटं. मुलगे चांगले दोन होते, पण हात हिचा होता. आमच्याकडची मंडळी मात्र बरेच दिवस त्या पान्यावरून नाक मुरडत राहिली. आत्यानं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, की ही बाई तुला सरळ करणार. आत्याचं म्हणणं अगदीच चुकलं असं म्हणता येणार नाही.

लातूरला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मोरीतल्या नळाचा नट मी पान्यानं सोडवायला गेलो. नव्या बायकोसमोर मोठेपणा दाखवायचा होता, दुसरं काय. पाना सटकला, नटाचे कोपरे घासले आणि माझी बोटं भिंतीवर आपटली. ती दारात उभी होती. हसली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

"उलटा धरून राहिलात तुम्ही," ती म्हणाली.

मग तिनं मला तो पाना समजावून सांगितला. एक जबडा दांड्याशी एकजीव असतो, तो पक्का. दुसरा खालच्या फिरकीवर पुढं-मागं सरकतो. जोर नेहमी पक्क्या जबड्यावर यायला हवा, म्हणून हलत्या जबड्याच्या दिशेनं ओढायचं. सोडताना एका अंगानं लावलेला पाना आवळताना पालथा करायचा. आधी अंगठ्यानं फिरकी फिरवून दोन्ही जबडे नटाला चिकटू द्यायचे, मग जोर लावायचा. आणि ढकलायचं नाही, आपल्याकडं ओढायचं, म्हणजे सटकला तरी बोटं फुटत नाहीत.

"हा हलता जबडा नुसता सोबतीला हाय," ती म्हणाली. "त्याच्यावर भार टाकला की तो पान्यालाबी बिघडवतो अन् नटालाबी."

मला त्या फिरकीचं मोठं नवल वाटायचं. तिचे आटे इतके आडवे कापलेले असतात की फिरकी जबड्याला सहज हलवते, पण जबड्यानं कितीही जोर केला तरी फिरकी हलत नाही. म्हणूनच नुसत्या अंगठ्यानं लावलेलं माप दोन्ही हातांच्या ओढीलाही टिकतं. हे मी एकदा तिला फळ्यावर काढावं तशी आकृती काढून, कोन दाखवून समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाव, आपल्या घरातबी तसंच हाय. फिरकी कोण ते सांगू का?"

पुढं आम्ही घर बांधलं. लातूरला नळाचं पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. ते अंगणातल्या हौदात साठवायचं आणि मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, हा घरोघरचा उद्योग. आमच्या मोटारीच्या वर एक पितळी वॉल्व्ह आहे. तो पाणी वर जाऊ देतो, परत खाली येऊ देत नाही. आमचं पाणी जड. आतल्या झडपेवर क्षार चढले की ती अडकते आणि पाणी चढत नाही. दर सहा महिन्यांनी बायको त्या वॉल्व्हचं टोपण पान्यानं उघडायची, झडप खरवडून साफ करायची आणि टोपण पुन्हा आवळायची. त्या टोपणाला सहा कोपऱ्यांचा मोठा नट आहे. तिनं त्याला कधी दातेरी पाइप पाना लावू दिला नाही. पितळ मऊ असतं, दातानं ओरबाडलं जातं, म्हणायची. मी शेजारी बादली धरून उभा. एवढी वर्षं बादली धरली, पण ते काम शिकून घ्यावं असं मला वाटलं नाही. ती असताना कशाला शिकायचं?

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिनं ते टोपण शेवटचं आवळलं. तेव्हाच तिला धाप लागत होती. काम झालं की पाना पुसून जबडे पूर्ण मिटवायचे आणि मगच खिळ्याला अडकवायचा, ही त्यांच्या घरची शिस्त. त्या दिवशी तिनं पाना तसाच माझ्या हातात दिला. "ठेवा हो तुम्हीच," म्हणाली आणि ओट्यावर बसली. मीही तो होता तसाच खिळ्याला अडकवला. पुढच्या वीस दिवसांत ती गेली.

तेराव्यानंतर कधीतरी माझं तिकडं लक्ष गेलं. पान्याचे जबडे उघडेच होते. त्या नटाएवढे, तिच्या अंगठ्यानं लावलेल्या मापाचे. मग मी त्या मापाला जपत बसलो. शेजाऱ्यांनी पाना मागितला तर हरवला म्हणून सांगितलं. खोटं बोलणाऱ्या पोरांना मी वर्गात उभं करायचो, आणि इथं दारात उभा राहून बिनदिक्कत थाप मारली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना हळद-कुंकू दांड्याच्या टोकालाच लावलं, पाण्याचा थेंब फिरकीवर जाऊ दिला नाही. दर रविवारी मऊ फडक्यानं पुसायचो. तिच्या साड्या मुलीला दिल्या, औषधं टाकून दिली, चष्मासुद्धा देऊन टाकला. पाना मात्र खिळ्यावरच राहिला.

या वर्षी वॉल्व्ह अडकला. मी प्लंबर बोलावला. त्यानं पिशवीतून दातेरी पाइप पाना काढून टोपणाला लावला आणि मी ओरडलो. तो बिचारा दचकलाच. त्याला चहा पाजून परत पाठवला आणि महिनाभर हौदातून बादल्या भरून वापरत राहिलो. या वयात हे शोभत नाही, कंबरही साथ देत नाही, हे कळत होतं. पण मुलगी नांदेडला असते, तिला कुठं दिसतंय?

मग तिचा फोन आला. "बाबा, मी बाळाला घेऊन येऊन राहिले. उद्या दुपारपर्यंत पोचते. पंधरा दिवस राहीन."

मी हो म्हणालो. सहा महिन्यांचं बाळ घरात आणि नळाला पाणी नाही, असं चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना खिळ्यावरून काढला. फिरकीला बोट लागणार नाही असा धरला. म्हटलं, नट तोच आहे, माप तेच आहे. काहीच फिरवायला नको. टोपणाला लावला, तर तो ढिला बसला. थोडाथोडका नाही, चांगला बोटाच्या पेराएवढा ढिला. पुन्हा लावून पाहिला. तरी तेच.

मला कळायला थोडा वेळ लागला. दर रविवारी मी फडकं फिरवत होतो, आणि फडक्याखाली ती फिरकी माझ्याच अंगठ्यानं कणाकणानं फिरत होती. दोन वर्षं मी तिचं माप म्हणून जे जपलं, ते माझ्याच पुसण्यानं झालेलं होतं. मी हौदाच्या झाकणावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. तिच्यावर चिडलोही. जबडे मिटवून ठेवले असते, तर मी या फंदात पडलो असतो का?

ऊन अंगावर यायला लागलं तसा उठलो. अंगठा फिरकीवर ठेवला आणि हळूहळू फिरवत जबडे नटाला चिकटवले. हलता जबडा कुठल्या बाजूला ते दोनदा तपासलं. मग आपल्याकडं ओढलं.

नट हलला नाही. पाय रोवून पुन्हा ओढलं, तरी नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की समोर हा जो जोर आहे, तो तिचा आहे. धाप लागलेली असतानाही तिनं किती घट्ट आवळलं होतं. मला इतका आनंद झाला की मी थांबलो. हात नटावर ठेवून उभा राहिलो. आपण हरावं असं मला मनापासून वाटत होतं.

पण बसनं अहमदपूर सोडल्याचा मुलीचा फोन आला. वेळ नव्हता. तिसऱ्यांदा सगळं अंग टाकून ओढलं आणि नट कर्रकन सुटला. झडप खरवडली, टोपण बसवलं, पाना पालथा करून ते आवळलं. मोटार लावली. टाकीत पाणी पडल्याचा आवाज अंगणापर्यंत आला.

दुपारी मुलगी मोरीत बाळाचे पाय धूत होती. "पाणी चांगलं येऊन राहिलं की, बाबा," ती म्हणाली. "कुणाकडून करून घेतलं?"

"मीच केलं," मी म्हणालो.

तिला खरं वाटेना. तिनं वळून माझ्या हातांकडं पाहिलं. मला तिला सांगायचं होतं की आज सकाळपर्यंत तुझ्या आईच्या हातचा जोर या घरात होता, आणि तो मी सोडवला. पण बाळ पाण्यात पाय आपटत होतं आणि ती हसत होती. मी टॉवेल आणायला आत गेलो.