रहीम मास्तरचा पेनड्राइव्ह

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाई. बायकोले बी नाई. तुमाले काहून सांगून राहिलो? — मले बी नाई माहीत. बसा जरा.

अमरावतीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. ती सालं कशी होती, तुमी पाहेलच असन — कापूस बुडाला का सारा बाजारच बसून जाये. नवी रॅम टाकाले गिऱ्हाईक पैसे कुठून आणन? मंग मी एक तोडगा काढला. ज्याले त्याले सांगो, येतानी एक पेनड्राइव्ह आणा. तो मशीनले लावून त्याच्यावर कॅश, म्हणजे मशीनची उसनी मेमरी, चालू केला का जुनाट लॅपटॉप बी थोडा पळाले लागे. फक्त पेनड्राइव्ह पुरा रिकामा लागे, म्हणून पयले तो पुसून काढो.

अचलपूरहून रहीम मास्तर एसटीनं आले. उर्दू शाळेतून रिटायर झालेले. पोरानं पाठवलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. "बेटा, आवाज येऊन नाई राहिला याच्यातून." एवढंच म्हणाले, लय कमी बोलणारा माणूस. मी म्हटलं, ठेवून जा चाचा, संध्याकाळी न्या.

ड्रायव्हर, म्हणजे मशीनचे भाग चालवणारे सॉफ्टवेअर, जुने होते. साउंडचा नवा टाकला, आवाज आला. पण मशीन मुंगीवानी चाले. लॅपटॉपच्या बॅगेच्या कप्प्यात पेनड्राइव्ह दिसला — मले वाटलं, चाचाले बी कोणी सांगतलं असन, म्हणूनच आणला. उघडला. एकच फाइल. आता इथं खोटं बोलत नाई — फाइल मले दिसली होती. फोन उचलून विचाराचं होतं फक्त. मी म्हटलं, असन एखादं गाणं. अन् फॉरमॅट मारून, सारं पुसून, कॅश चालू केला.

संध्याकाळी चाचा आले. आवाज आला म्हणून काय खूश! म्हणे, आता तो पेनड्राइव्ह लाव. त्यायची बायको चार महिन्याआधी वारली होती. तिचा भाऊ युनूसभाई, अकोल्याचे, त्यायनं कवा तरी मोबाइलवर तिचं बोलणं भरून ठेवलं होतं — साऱ्यायले दटावून जेवाले बसवते, असं काईतरी. तेच त्यायनं या पेनड्राइव्हवर टाकून पाठवलं, अन् मंग तो मोबाइल बी बिघडून गेला. दुसरी कॉपी नाई. लॅपटॉपले आवाजच नव्हता, म्हणून चाचानं ते एकदा बी ऐकलं नव्हतं.

खरं सांगाचं होतं ना? मी म्हटलं, "चाचा, हा तर रिकामाच हाये. भरणाऱ्यानं भरलंच नाई."

असं, सरळ खोटं बोललो. काहून? दुकानाचं नाव खराब होईन म्हणून. भेकड माणूस मी, दुसरं काय! पाहतो म्हणून पेनड्राइव्ह ठेवून घेतला, दोन दिवस फाइल परत काढाचं सॉफ्टवेअर लावून बसलो. काईच निघालं नाई. कॅशनं सारी जागा भरून टाकली होती.

चाचानं युनूसभाईशी बोलणं टाकलं. युनूसभाईच्या पोरीचं लग्न झालं अकोल्यात, तिथं बी गेले नाई. बायकोचा आवाज मागतला तर रिकामी डबी पाठवली, म्हणत.

मंग एक दिवस युनूसभाई स्वतःच दुकानात आले. भांडाले नाई, बरं का — हात जोडून. "भाऊ, एकडाव आठवून पाहा. काईच नव्हतं त्याच्यात?" तवा तर सांगता आलं असतं. चाचा जिवंत होते. मी हातातला स्क्रूड्रायव्हर बी खाली ठेवला नाई. म्हटलं, नव्हतं.

"मंग माझ्याच हातून भराचं राहून गेलं असन," युनूसभाई म्हणे. डोळे पुसले अन् एसटी स्टँडकडे गेले. मी पुढच्या मशीनचे स्क्रू काढत बसलो.

चाचा पुढच्या हिवाळ्यात गेले. मयतीले युनूसभाई आले होते. चाचाच्या पोरानं त्यायले जनाज्याले हात लावू देला नाई. ते साऱ्यायच्या मागं, एकटेच चालले. मी बी होतो तिथं. पाहिलं मी. तोंड उघडलं नाई.

युनूसभाई अजून हायेत. त्यायचं घर मले ठाऊक हाये. आपल्या बहिणीचा आवाज आपल्याच हातून गेला, असंच समजून ते जगून राहिले. तो मी पुसला होता.