बोलायचं, पण मत नाही

राज्याच्या शिक्षण मंडळावर माझी सदस्य म्हणून नेमणूक झाली, तेव्हा केनवडच्या पलीकडे असलेल्या आमच्या शाळेत माझा सत्कार झाला होता. वर्षभर मी प्रत्येक बैठकीला गेले. आदल्या दिवशी कागदांचा गठ्ठा वाचायचा, रात्रभर बसमध्ये अवघडायचं, सकाळी हजेरीपटावर सही करायची. तोवर मतदानाची वेळ कधी आली नव्हती, आणि आपल्याला मतच नाही, हे कुणी सांगितलं नाही.

मग एका बैठकीत आमच्याच गावचं दहावीचं परीक्षा केंद्र बंद करायचा विषय होता. कारण काय, तर शाळेची कंपाउंडची भिंत अर्धवट. मी उठून सांगितलं, पोरींना मालेगावला जावं लागेल, सकाळची एकच बस आहे, तीही कधी येते, कधी येत नाही. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. बंद करण्याच्या बाजूने पाच, त्यात अध्यक्ष स्वतः. विरोधात माझ्यासह सहा. मी दोनदा मोजले.

"विरोधात पाच," सचिव म्हणाले.

"सहा आहोत."

"मॅडम, तुम्ही निमंत्रित सदस्य. बोलू शकता, मत देऊ शकत नाही."

पाच-पाच झाले, म्हणून अध्यक्षांनी आपलं दुसरं, निर्णायक मत टाकलं आणि केंद्र बंद झालं. त्या माणसाला दोन मतं आणि मला एकही नाही! मी सचिवांकडे वळले. म्हटलं, निदान माझी हरकत इतिवृत्तात लिहा. "निमंत्रितांची हरकत लिहीत नाहीत," सचिव म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. मी हजेरीपट ओढला आणि माझ्या सहीपुढे ठळक अक्षरांत लिहिलं, 'मत नाकारले.'

"अहो, रजिस्टर खराब केलंत!" कारकून ओरडला. त्याला रजिस्टरची काळजी होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई उभी होती. सोयाबीनच्या सोंगणीला निघाली होती, हातात विळा.

"काय झालं वो मॅडम? तुमी तं होत्या ना तिथं?"

"होते. पण मले मत नाही."

"मंग तुमाले बोलावतात कायले?"



मार्चमध्ये बीजगणिताच्या पेपरला बस आलीच नाही. पोरी मालवाहू गाडीत उभ्या राहून मालेगावला पोचल्या, तोवर पेपर सुरू झाला होता. आत घेतलं, पण गेलेला वेळ कुणी भरून दिला नाही. त्या बाईची मुलगी बाहेर आली ती रडतच. शेवटचे दोन प्रश्न लिहायचे राहिले होते.

मी मंडळाला पत्र लिहिलं. निमंत्रितांना मत द्या, नाहीतर नेमणुकीच्या पत्रातच लिहा की मत नाही. उत्तर एका ओळीचं आलं, 'सूचनेची नोंद घेतली आहे.' त्यासोबत पुढच्या बैठकीचं निमंत्रण.

मी राजीनामा लिहायला घेतला. मुख्याध्यापक म्हणाले, "मान हाय तो, मॅडम. कायले सोडता?"

"असला मान तुमीच घ्या," मी म्हणाले, आणि राजीनामा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. केंद्र अजून मालेगावलाच आहे.