मोफत कागदांचा फलक

तमाम कोल्हापूरकरांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, शाळेच्या बाकावर जन्मलेल्या एका मैत्रीचे सोमवारी दुपारी, भडंगाच्या भरल्या ताटलीसमोर, अल्पशा आजाराने निधन झाले. अंत्यविधी उरकला आहे. कृपया हार आणू नयेत.

या मैत्रीतला दुसरा भागीदार डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात ‘दिव्यांग दाखल्यासाठी उपचाराचे जुने कागद मोफत’ असा फलक लागला, तेव्हा नारळ त्याने फोडला आणि माईक माझ्या हातात होता. आमच्या भागातलं बारसंसुद्धा माझ्या निवेदनाशिवाय पार पडत नाही. त्या दिवशी मी त्याला असा काही चढवला की त्याच्या आईने पदराने डोळे पुसले.

पुढे माझ्या अक्कालाच ते कागद लागले. उचगावच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडली, तेव्हा तिच्या पायाचं ऑपरेशन यानेच केलं होतं. पाय अधू राहिला, शिलाई मशीन बंद पडलं. आता दाखला मिळाला तर पेन्शन सुरू होणार होती. सरकारी दवाखान्यात तपासणी बुधवारी, आणि ऑपरेशनचे कागद आणल्याशिवाय येऊ नका, असं त्यांनी बजावलेलं. डॉक्टरच्या दवाखान्यात खिडकीवर मात्र त्या कागदांसाठी तिच्याकडे फी मागितली. तिने फलकाकडे बोट दाखवलं, तर तो आम्ही यायच्या आधी लावलाय, आम्हाला काही माहीत नाही, म्हणे.

मग मी निघालो, वरात घेऊन निघाल्यासारखा. डॉक्टरने मिठी मारली, चहा मागवला, भडंग मागवलं. फीचं ऐकून कपाळावर हात मारला. अक्काच्या हातचं खाऊन आपण वाढलो, हे दोनचार पेशंटांना ऐकवलं आणि खुर्चीतूनच हाळी दिली, “अक्कांचे कागद देऊन टाका रे. एक पैसा घ्यायचा न्हाय.”

माझी छाती फुगली. अक्का काठी टेकत खिडकीशी गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. कागद सापडत नाहीत, फी भरली तर शोधू, असा निरोप. डॉक्टर पुन्हा गरजला, आधीपेक्षा मोठ्याने. अक्का पुन्हा गेली, पुन्हा आली. मी भडंग चावत त्याच्या आवाजाच्या फेकीचं मनातल्या मनात कौतुक करत होतो. धंदाच तो माझा.

शेवटी मीच तिच्याबरोबर उठलो. डॉक्टरही आला, माझ्या खांद्यावर हात टाकून. खिडकीत शाहूवाडीकडची एक पोरगी होती, नुकतीच कामाला लागलेली. साहेब स्वतः ओरडून सांगतायत, कानात बोळे घातलेत का, असं मी तिला चारचौघांत सुनावलं. ती माझ्याकडे बघेना. तिची नजर अक्काच्या पायावर.

“परवा तपासणी हाय गं,” अक्का एवढंच म्हणाली.

पोरगी रडकुंडीला आली आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेली,

“पर सरांनी बेल कुठं मारलीया? बेल न मारता नुसतं वरडलं तर काम करायचं न्हाय, असं त्यांनीच शिकवलंय की!”