पोळ्याची भाकरी

पैनगंगेपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्या आमच्या छावणीत दोन बातम्या एकाच माणसाने एका दमात आणल्या. पुसेगावचा तो शेतकरी भरल्या नदीतून नावेने आला होता. "हिंगोलीत फौज आली... अन् तुमचे काका गेले." पहिल्या बातमीने छावणीत जयघोष सुरू झाला. त्या गलक्यात मी दुसरीबद्दल विचारत राहिलो. धोंडबाकाका त्याच आठवड्यात, भारताची फौज येण्याच्या आधी गेले होते. निजामाची सत्ता संपलेली त्यांनी पाहिली नाही.

वडील लवकर गेले, म्हणून मला काकांनीच वाढवलं. शिकायला हिंगोलीला ठेवलं. तिथे मी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त वाचली, पुढे लिहूही लागलो, तेव्हापासून काका मला 'छापखाना' म्हणत. सक्तीच्या लेव्हीचं धान्य उचलायला आलेल्या शिपायांनाही ते आधी पाणी देत. हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्यांचा कायदा तेवढाच होता... दारात आला त्याला पाणी, आवतण दिलं त्याला जेवण. असला कायदा मोडायला कोणाचं राज्य जावं लागत नाही आणि पाळायला कोणाचं यावं लागत नाही.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी लपतछपत घरी आलो. काकांच्या पायांवर सूज होती, दम लागत होता. महिनाभर ते पेजेवर होते. "पोळ्याला मातर एक पोळी खातो म्हणलेत," काकूने दारातच सांगितलं. त्या एका पोळीवर तिची सगळी आशा होती. संध्याकाळी काकांनी बाज गोठ्यात न्यायला लावली आणि बसूनच बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं आमच्याकडे बैलांना म्हणतात. मग मला जवळ बोलावून उरलेलं लोणी त्यांनी माझ्या खांद्यावर चोळलं आणि तेच शब्द म्हटले. मी हसलो. मला ती थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी रझाकारांच्या भीतीने तोरणाखाली कोणी बैल नेले नाहीत. दारातच पूजा झाली. बैलांना पुरणपोळी चारली आणि आमची पानं वाढली. मी काकूला म्हणालो, "मला भाकरी दे. संस्थान मोकळं होईस्तोवर गोड खाणार नाही, अशी आम्ही सगळ्यांनी शपथ घेतलीय."

काकांनी हातातला घास खाली ठेवला. "मंग काल आवतण काहून घेतलं?"

"ते बैलांचं होतं, काका."

"बैल बरा. घेतलं तर पाळतो. छापखान्याला काय, छापलं की झालं!"

"शपथ मोडू म्हणता?"

"म्या कवा म्हणलो? पण आवतण देणाऱ्यानं आधी खायचं न्हाई."

काकू माझ्याकडे पाहत होती. "एक घास खाय रे, लेकरा. त्यांच्यासाठी." मी मान हलवली. माणसामाणसाला पाहून सोडली तर ती शपथ कसली? आजही माझं म्हणणं तेच आहे. काकांना पुन्हा दम लागला...

शेवटी तेच काकूला म्हणाले, "पाहुणा खाईल ते घरधनी खाईल. उचल ह्या पोळ्या. भाकर टाक."

सणाच्या दिवशी चुलीवर भाकरी! काकू रडत-रडत थापत होती. काकांनी कढीत कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली, महिनाभरातलं पहिलं घट्ट अन्न. वर म्हणाले, "बैलाची चैन झाली बघ आज." पोळ्यांची दुरडी खरंच गोठ्यात गेली. अंधार पडल्यावर मी छावणीकडे निघालो.

तेराव्याला त्यांच्या नावाचं पान वाढलं, तेव्हा काकूने त्यावर भाकरी-कढी ठेवली. भावकीतले म्हातारे चिडले, "पानावर भाकर? लोक काय म्हणतील?"

"सणाला त्यांनी तीच खाल्ली. ज्याला पुसायचं त्यानं त्यांना पुसावं," ती म्हणाली.

माझ्या पानात पुरणपोळी होती. शपथ सुटली होती. मी जेवलो.

परवा दसऱ्याला घरात पुन्हा पुरण शिजलं. काकूने तवा तापल्यावर आधी एक भाकरी टाकली. कोणासाठी, हे मी विचारलं नाही. तिने ती मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली, अर्धी स्वतः घेतली. पोळ्या झाकून ठेवून आम्ही दोघांनी आधी ती खाल्ली.